अण्णांचा कान

दातांत स्क्रूड्रायव्हर धरून बासरी ऐकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी गेली आठ वर्षं पाहतोय. तो आमच्या समोरच राहतो.

कृती अशी. गाणं वाजवणाऱ्या मशिनच्या पत्र्यावर हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची, डोळे मिटायचे आणि कमरेत वाकून दोन मिनिटं थांबायचं. नवख्याला वाटतं, हे मशिनमधून उसाचा रस ओढतायत. मग अण्णा सरळ होतात, मूठ पायजम्याला पुसतात, "बेरिंग बरं हाय" म्हणतात आणि खुर्चीत जाऊन बसतात. गाणं सुरू झालं असं त्यानंतर समजायचं.

अण्णा जगदाळे. कुपवाडला त्यांचा छोटा कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिल, एक धडधडणारा प्रेस, चार कामगार. पण कारखान्यापेक्षा त्यांचा कान प्रसिद्ध. एखादा टेम्पो आमच्या गल्लीत शिरला की अण्णा अंगणातल्या अंगणातून सांगायचे, "मागलं डावं बेरिंग. पंधरा दिस काढंल." सोळाव्या दिवशी तो टेम्पो मिरजेच्या रस्त्याला जॅकवर उभा असायचा. साखर कारखान्याचे इंजिनियर त्यांना गाडी पाठवून न्यायचे, नुसता गिअरबॉक्स ऐकायला. इतर डॉक्टरांसारखीच अण्णांचीही एक सवय होती. रोग सांगताना ते रोग्याच्या नातेवाइकाकडे बघत नसत.

गेल्या काही वर्षांत अण्णा अंगणातून सांगेनासे झाले होते. गाडीजवळ जाऊन तळहात टेकवायचे, मग सांगायचे. आम्हाला वाटलं, अनुभव वाढला.

त्यांचा एक शब्द होता, तो सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. लेथवर फिरणारी वस्तू मधोमध बसली नाही की ती फिरताना झोकांड्या खाते. त्याला कारखान्यात 'आऊट मारतंय' म्हणतात. अण्णांच्या मते जगातल्या बहुतेक वस्तू आऊट मारत होत्या. आमदार आऊट मारत होता. नळाची वेळ आऊट मारत होती. त्यांच्या मुलाची पुण्यातली नोकरी "जरा आऊट हाय, पर चाललंय." आमच्या घरी एकदा नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं, तेव्हा त्यांनी मला धीर दिला. "मास्तर, तुमचं काय वाईट न्हाई. आऊट हायसा, पर दोगंबी एकाच बाजूला आऊट हायसा."

मी मास्तर नाही. मी मूळचा साताऱ्याचा, सांगलीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. परीक्षानळ्या धुतो आणि मोडल्या की नोंद करतो. पण अण्णांनी पहिल्याच दिवशी मास्तर म्हटलं आणि मी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करणं हा माझा जुना दोष आहे. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

अण्णांच्या बाहेरच्या खोलीत दोन स्पीकर होते, पहिलीतल्या पोराएवढे उंच. मधे लोखंडी घोड्यावर चार डबे, एकावर एक. घोडा त्यांनी स्वतः बनवलेला, पायाखाली वाळूच्या पिशव्या. खोलीत एकच खुर्ची, आणि तिच्या चार पायांच्या जागा फरशीवर लाल रंगाने रेखलेल्या. पाहुण्याने सतरंजीवर बसायचं. घड्याळ काढून बाहेर ठेवायचं, कारण त्याची टिकटिक. माझं घड्याळ टिकटिक करत नाही हे मी सांगितलं होतं. "तुमाला ऐकू येत न्हाई," अण्णा म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. ती खुर्ची दोन स्पीकरच्या मधोमध नव्हती, चांगली वीतभर डावीकडे होती. सुताच्या फरकासाठी लोखंडाचा अख्खा नग भंगारात टाकणारा माणूस, आणि त्याचीच खुर्ची वीतभर चुकलेली.

"अण्णा, खुर्ची आऊट मारतीय," मी एकदा त्यांच्याच भाषेत म्हणालो.

"ती तितंच हाय," अण्णा म्हणाले. एवढंच. त्यांनी विषय इतका थोडक्यात कधी संपवला नव्हता.

आता काकूंबद्दल. अण्णांच्या बायकोचा आवाज अख्ख्या गल्लीला पाठ होता. त्यांनी अण्णांना "आवं, चा घेताय काऽ?" असं विचारलं की चार घरांत चहाचं आधण पडायचं. अण्णांना आंघोळीचं पाणी काढलंय, भाजीत मीठ कमी पडलंय, पायमोजा दोरीवर आहे, हे सगळं आम्हाला अण्णांच्या बरोबरीने कळायचं. लोक म्हणत, काय कजाग बाई, बिचारा नवरा एक शब्द बोलत नाही.

आणि एका गणपतीत, मंडपामागे पत्ते खेळताना, मी त्यांना नाव ठेवलं. म्हणालो, "गिरणी बंद पडली, पण भोंगा आमच्या गल्लीत चालू आहे." सगळे खूप हसले. मी क्वचितच बोलतो, त्यामुळे माझा विनोद लोकांनी जपून ठेवला. त्या दिवसापासून काकू म्हणजे भोंगा.

काकूंनी मला दर सोमवारी भाकरी वाढली आहे. ते नाव मीच ठेवलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सोमवार का, तर कारखान्याला सुट्टी. संध्याकाळी सहा वाजता मी समोर जायचो, घड्याळ काढायचो आणि सतरंजीवर बसायचो. मला गाण्यातलं काही कळत नाही. आमच्या घरी त्या वेळी टीव्हीवर मालिका चालू असते आणि अण्णांकडे शांतता असते, एवढंच कारण. पण एकदा अण्णांनी विचारलं, "मास्तर, काय वाटतंय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "उजवीकडचा तबला जरा मागं गेल्यासारखा वाटतोय." अण्णा ताडकन उठले. पट्टी घेऊन मोजायला लागले. काकूंनी केर काढताना उजवा स्पीकर दोन बोटं मागे ढकलला होता!

झालं. माझी नेमणूक झाली. "मास्तरचा कान म्हंजे कान," अण्णा गिऱ्हाइकांना सांगायला लागले. त्यानंतर कुठलीही वायर बदलली, डब्याखाली रबर घातलं, रबर काढून पितळ घातलं, की मला विचारणं आलंच. मी डोळे मिटायचो, मान हलवायचो आणि म्हणायचो, "जरा मोकळं झालं." कधी म्हणायचो, "जरा भरलं." या दोन वाक्यांवर मी अनेक वर्षं काढली. मी बोलत असताना अण्णा माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मला वाटायचं, केवढं लक्ष देऊन ऐकतात.

गेल्या वर्षी, गणपती गेल्यावर, अण्णांचा ट्रान्सपोर्ट गेला. ही बातमी ऐकून दोघेजण त्यांना भेटायला आले, जगदाळ्यांची ट्रक कंपनी होती हे आपल्याला कसं माहीत नव्हतं असं म्हणत. तर, सीडी ट्रान्सपोर्ट म्हणजे ते डब्यांतलं सगळ्यात वरचं मशिन. ते फक्त तबकडी फिरवतं आणि वाचतं. आवाज खालचे डबे काढतात. अण्णांचं मशिन जपानी होतं, वीस वर्षं फिरलं होतं. त्याचा वाचणारा डोळा गेला आणि तसा डोळा आता कुठे मिळत नाही असं कळलं.

मुलाने पुण्याहून निरोप पाठवला की आता तबकड्या कोण वाजवतं, सगळं फोनवर आहे. अण्णांनी फोन हातात धरून उलटसुलट केला.

"ह्याच्यात फिरतंय काय?"

"काही फिरत नाही अण्णा," मी म्हणालो.

"मग वाजतंय कशानं?" आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "जे फिरत न्हाई त्याच्यावर माझा इस्वास न्हाई. फिरणाऱ्या वस्तूला खोटं बोलता येत न्हाई. लगीच आऊट दिसतं."

म्हणून आम्ही जुना पण भारी ट्रान्सपोर्ट शोधायला निघालो. पहिला साताऱ्यात, एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे. मशिनवर कडक इस्त्रीचं पांढरं कापड. साहेबांनी बटण दाबलं, समोरून प्लॅस्टिकचा कप्पा बाहेर आला, तबकडी ठेवली, कप्पा आत गेला. मला तर ते ऐकून अंगावर काटाच आला, म्हणजे तसं मी सांगितलं. अण्णा उठले.

"नको."

"व्हॉट इज द प्रॉब्लेम?" कर्नलसाहेब म्हणाले.

"जीभ काढतंय," अण्णा म्हणाले. परत येताना एसटीत त्यांनी खुलासा केला. "मान्साचं मी समजू शकतो. मशिननं जीभ काढाय नगं."

दुसरं मशिन विट्याला निघालं. विट्याकडची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. त्यातलेच एक तानाजीशेट. कोइमतूरला दुकान, दिवाळीला गावी आलेले, गावाबाहेर नवा बंगला. त्यांनी कोइमतूरला असताना हौसेने एक ट्रान्सपोर्ट घेतला होता आणि आता हौस गाड्यांकडे वळली होती. या मशिनला कप्पा नव्हता. वरचं झाकण सरकवायचं, तबकडी आडव्या चाकावर ठेवायची आणि तिच्या मधोमध एक जड चकती ठेवायची, म्हणजे तबकडी घट्ट बसते. मशिनचं अंग अखंड ॲल्युमिनियमचं. अण्णांनी त्यावरून हात फिरवला तसा मी त्यांना त्यांच्या नातवाच्या पाठीवरूनही फिरवताना पाहिलं नाही.

"आन ही चकती?" अण्णांनी विचारलं. ती पिवळीजर्द चमकत होती.

"मूळची हरवली वो मामा, घर हालवताना," तानाजीशेट म्हणाले. "मग म्या आमच्याच दुकानात वतून घेतली. आतनं पितळ, वरनं सोन्याचा मुलामा. कंपनीच्या चकतीला असलं सोनं कुठलं!"

तबकडी फिरली. संगमरवरी हॉलमध्ये बासरी घुमली. सोफ्यावर शेटजींचं सगळं घर आमच्याकडे बघत बसलेलं. अण्णांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ दातांत धरली आणि वाकले. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "आये, आजोबा मशिन खात्यात." अण्णा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले होते. सरळ झाले आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मास्तर, मला जरा घरघर लागतीया. तुमाला काय वाटतंय?"

आता खरं सांगतो. दुपारचा दीड वाजला होता. आम्ही सकाळी सातला नुसत्या चहावर निघालो होतो आणि आतल्या खोलीतून मटणाचा वास येत होता. शेटजींच्या मातोश्री दारात येऊन दोनदा बघून गेल्या होत्या. मी गाणं ऐकतच नव्हतो.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "एकदम मोकळं आहे."

अण्णांनी पिशवीत हात घातला होता. त्यात त्यांचं डायल गेज होतं, फिरणाऱ्या वस्तूची झोकांडी केसाएवढी असली तरी काटा दाखवतं ते. हात तसाच रिकामा बाहेर आला. "मास्तर व्हय म्हणाले, म्हंजे व्हय," ते शेटजींना म्हणाले. आम्ही जेवलो. मटण उत्तम होतं.

मशिन सांगलीला आलं, घोड्यावर चढलं, त्याला हळदकुंकू लागलं. पुढच्या सोमवारी मी सतरंजीवर बसलो. बासरी सुरू झाली. पहिला पाऊण तास सगळं ठीक. मग, तबकडीच्या शेवटाकडे, टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक् टक्, आणि बासरीने एकदम उडी मारली. मधला तुकडा गेलाच. माझ्यासारख्या दगडालाही कळलं. रस्त्यावरून चाललेला दूधवालाही क्षणभर थांबला.

मी घाबरून अण्णांकडे पाहिलं. अण्णा खुर्चीत डोळे उघडे ठेवून शांत बसले होते. चेहऱ्यावर समाधान. टक् टक्. बासरी पुन्हा पडली, उठली, पळाली. अण्णा जागचे हलले नाहीत.

मला कळायला तेवढा वेळ पुरला. अंगणातून बंद झालेलं निदान. टेकवलेला तळहात. माझ्या तोंडाकडे लागलेली नजर. दातांतली मूठ.

"कसं काय मास्तर?" अण्णांनी विचारलं.

"जरा भरलं," मी म्हणालो.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दर सोमवारी मी ती टकटक ऐकली आणि मान हलवली.  

एका सोमवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. काकू परातीत भाकरी थापत होत्या. बाहेर बासरीने उडी मारली. काकूंचा हात क्षणभर अडला.

"मास्तर, तुमालाबी ऐकू येतंय न्हवं?"

मी मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. खोलीत काकूच होत्या. इतका बारीक, मऊ आवाज. सोमवारी यायला लागल्यापासून मी काकूंचं वाक्य भिंतीच्या अलीकडून कधी ऐकलंच नव्हतं.

"येतंय," मी म्हणालो.

"मग सांगितलं न्हाईसा?"

"तुम्हीसुद्धा नाही सांगितलं."

"मी काय सांगू? एवढ्या हौसंनं आणलंय. म्हटलं तुमी सांगशीला. तुमचा कान मोठा." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "आठ वर्सं झाली त्यास्नी. प्रेसच्या आवाजानं गेलं दोनीबी कान. कुणाला बोलू नगासा. कानावर तर धंदा हाय."

"म्हणून तुम्ही..."

"वराडती," काकू म्हणाल्या. "भोंगा म्हणत्यात मला, म्हाईत हाय की. म्हणू देत. बाय वराडती म्हटलं की मान्सं बाईकडं बगत्यात. बाप्याच्या कानाकडं बगत न्हाईत."

मी पाणी प्यालो. नाव कोणी ठेवलं ते सांगायची हीच वेळ होती. मी भांडं पालथं घातलं आणि बाहेर आलो.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी अण्णा आमच्या घरी आले. ते कुणाच्या घरी जात नसत. पायरीवरच बसले, मला समोर बसवलं, तोंड दिसेल असं.

"मास्तर, खरं सांगनार?"

"सांगतो."

"मशिन आऊट मारतंय का?"

मी पायरीवरचा खडा उचलून टाकला. अण्णा म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई तरी मला कळलंय. आता माझी खुर्ची तितं का हाय ते सांगतो. तितनं सैपाकघराचं दार दिसतं. ती भाकरी थापती ती दिसती. तिचं म्हायेर म्हसवडचं. बाप सिद्धनाथाच्या देवळात भजनात पखवाज वाजवायचा. हिचा हात तालात चालतो, तिला सुदीक म्हाईत न्हाई. गाणं बरं वाजत असलं की भाकरी तालात. म्या तेच ऐकतो. म्हंजे बगतो. ह्या मशिनवर शेवटी शेवटी तिचा हात अडतोय. दोन म्हयनं बगतोय. पयल्यांदा वाटलं, तिचाच हात दुकत आसंल."

"स्क्रूड्रायव्हरनं कळत नाही?"

"दाताला ढोल लागतो. बासरी लागत न्हाई."

मग मी सगळं सांगितलं. विट्याला घरघर होती की नव्हती मला माहीत नाही, मी मटणाचा वास घेत होतो. टकटक पहिल्या सोमवारपासून ऐकतोय. अण्णा ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली.

"मग तो उजवा तबला?"

"अंदाजानं बोललो होतो."

"ती लाल वायर आनली तवा?"

"तेव्हाही."

"आन डोळं मिटून मान हालवायचा ती?"

"ती कधीकधी डुलकी असायची, अण्णा."

अण्णांनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"म्हंजे एवढी वर्सं," ते डोळे पुसत म्हणाले, "एक भैरा आन एक ठोंब्या, दोगं मिळून मशिनं पारखत हुतो! त्या कर्नलला कळलं तर आपल्याला गोळी घालंल." आणि मग, हसणं ओसरल्यावर, "डायल गेज पिशवीत हुतं मास्तर. हातात धरलं हुतं. तुमी व्हय म्हणलासा म्हनून सोडलं."

 

"काकूंनाच का नाही विचारलंत, कुठलं मशिन चांगलं ते?" मी विचारलं.

"ती मी आनलेल्या कुटल्याबी वस्तूला चांगलंच म्हणती. तोंडानं. हात तेवडा खरं बोलतो." अण्णा उठले. "लग्नात नाव घेतलं तवा पयल्या रांगंला ऐकू गेलं न्हाई, एवडा बारीक आवाज. तीनदा घ्याय लावलं बायकांनी. आता तो आवाज काय मला मिळायचा न्हाई. एकदा म्हटलं स्क्रूड्रायव्हर लावून बगावा, तर लाटणं घिऊन मागं लागली."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कुपवाडला गेलो. ती सोनेरी चकती लेथला लावली आणि अण्णांनी तिच्यावर गेजचा काटा टेकवला. काटा झोपेतून उठल्यासारखा हलायला लागला. सोनाराने वर चकाकी आणली होती, पण खालची बाजू सपाट नव्हती. त्यामुळे तबकडी एका अंगाला झुकायची. मधे ते कळत नव्हतं, कडेला गेलं की कळायचं. सीडी मधून कडेकडे वाचली जाते, म्हणून शेवटची गाणी पडत होती. मशिनचा काहीच दोष नव्हता.

अण्णांनी साध्या पितळेची नवी चकती कातली. त्या कामाला कान लागत नव्हता. पितळेची चूर कशी सुटते ते बघत, बोटाने अंदाज घेत त्यांनी दुपारभर काम केलं. काटा टेकवला, तो जागचा हलला नाही. जुनी चकती सोन्याची म्हणून काकूंनी देवघरात घंटेखाली ठेवली.

यंदा पाडव्याला अण्णांनी कारखाना बंद केला. म्हणूनच हे लिहायला त्यांनी हरकत घेतली नाही. "लिवा," म्हणाले, "फकस्त तो ठोंब्या कोन ते नीट लिवा. न्हाईतर लोकांस्नी वाटंल मीच."

नव्या चकतीचा पहिला सोमवार. मी घड्याळ काढलं, सतरंजीवर बसलो. या वेळी डोळे उघडे ठेवले आणि अण्णा बघत होते तिकडे बघितलं. दारातून परात दिसत होती, काकूंचे दोन हात दिसत होते. भाकरी थापल्या जात होत्या, एक झाली की दुसरी. पाऊण तास झाला. तबकडीच्या शेवटाकडे बासरी वर चढायला लागली. अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. परातीतले हात चालत राहिले, गाणं संपेपर्यंत, कुठेही न अडता.

"बसलं," अण्णा म्हणाले.

"आवं, जेवाय या काऽ!" काकू ओरडल्या. गल्लीत कुठेतरी पाट मांडले गेले असणार.

"बगा, किती वराडती," अण्णा नेहमीप्रमाणे म्हणाले. इथे मी नेहमी हसायचो.

पानावर बसल्यावर काकू भाकरी वाढायला माझ्याजवळ वाकल्या आणि त्यांच्या त्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, आज शेवटापातूर नीट वाजलं."

काकू काहीतरी बोलल्या एवढं अण्णांना कळलं, पण त्या पाठमोऱ्या होत्या, ओठ दिसले नव्हते. "काय म्हणाली?" त्यांनी मला विचारलं.

मी घास खाली ठेवला. जन्मात कधी ओरडलो नव्हतो तेवढ्या जोरात ओरडलो, "शेवटापर्यंत नीट वाजलं म्हणतायत!"

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारचे मला म्हणाले, "काय मास्तर, काल तुमचापण भोंगा झाला की."

"हो," मी म्हणालो.